जाळीवरचं झाकण

२८ नोव्हेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. तुमची टाचणी खुशाल आहे आणि तुम्हीही तसेच आहात असं धरून पुढचं लिहिते.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसतं हो म्हणता, म्हणून हे कागदावर. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चोरी झाली. दार शाबूत, कुलूप शाबूत. चोर बाथरूमच्या झरोक्यातून आत आला म्हणे. एवढ्याशा भोकातून माणूस शिरतो कसा, या विचाराने माझी झोप उडाली आहे. दिवसभर काचेच्या कारखान्यात दिव्यासमोर बाटल्या फिरवून त्यातले तडे शोधायचे आणि घरी आल्यावर तुमच्या घरातल्या फटी आठवत बसायचं, असं चाललं आहे.

तेव्हा कृपा करा आणि आळस करू नका. खिडक्या लावून घ्या. त्यांच्या चौकटी खिळखिळ्या झाल्या आहेत, बाहेरून सळई घालून कडी काढता येते. दाराखालून तर माझा अख्खा हात जातो. आणि बाथरूममध्ये गीझरच्या वर भिंतीला जी जाळी आहे ती मला पहिल्यापासून बघवत नाही. तिचा आधी बंदोबस्त करा. आई असती तर तुमच्या मागे लागून तिने एका दिवसात सगळं करून घेतलं असतं. मी लांब पडले, मला पत्रानेच मागे लागावं लागतं.

काय काय केलंत ते सविस्तर कळवा. नुसतं "केलं" लिहिलेलं चालणार नाही. आत्याला नमस्कार सांगा. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
टाचणी


६ डिसेंबर

चि. टाचणीस,

अ. उ. आ. वि. वि. हुकूम पोचला आणि त्याची तामिलीही झाली.

खरं तर या घरात चोराने न्यावं असं आहे काय? एक शिलाई मशीन. ते उचलायला गेला तर त्याचीच कंबर धरेल आणि मलाच शेक द्यावा लागेल. पण तू म्हणालीस म्हणून बसलो कामाला. दाराच्या मापाची लांब पिशवी शिवली, तिच्यात चाळीस वर्षांच्या कातरणातल्या चिंध्या ठासून भरल्या. ती दाराखाली अशी बसली आहे की मुंगीलाही परवानगी काढावी लागेल. खिडक्यांच्या चौकटींना जुन्या कोटांच्या लोकरी पट्ट्या आतून चिकटवल्या.

जाळीचं काम मात्र बघण्यासारखं झालं आहे. दुहेरी कापड, मध्ये कापूस, चौफेर दाट शिवण, चार कोपऱ्यांना चार टिचबटणं. दोनदा उसवून पुन्हा शिवलं. आता सुईचं टोक आत जाणार नाही. गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावतानाही मी इतका जीव लावला नव्हता. कापड बेतण्याआधी ते गरम पाण्यातून काढायची माझी सवय तुला माहीत आहेच, त्यासाठी सकाळी गीझर तासभर चालू असतो. पूर्वी सगळी वाफ जाळीतून जायची. आता ती आतच राहते आणि घर उबदार होतं. थंडीचे दिवस, तेव्हा एका कामात दुसरं काम झालं.

तुझी आत्या येऊन पाहून गेली. हे घर आहे की बटणांचा डबा, असं विचारत होती. मोठी बहीण असली म्हणून काय झालं, शिवणातलं तिला काही कळत नाही.

आणखी काय करायचं ते कळव. तुझ्या पत्राची वाट पाहणं हा माझा दुसरा धंदा आहे हे ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा


१९ डिसेंबर

चि. टाचणीस,

अ. उ. आ. तुझं उत्तर पाचव्या दिवशी मिळालं, बरं वाटलं. दुसरं कुलूप बसवून घेतलं आहे.

एक विचारायचं होतं. घरात कुणीतरी येतं आहे असं मला वाटतं. परवा चहाची किटली कापडाच्या कपाटात सापडली, तीही नीट घडी घातलेल्या कापडांवर. काल मापाची पट्टी सापडेना. तासाभराने बघतो तर माझ्याच गळ्यात. पट्टीचं सोड, ती चाळीस वर्षं माझ्या गळ्यातच आहे. पण शाळेतल्या बाईंच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं.

मग मी एक जुनी युक्ती केली. बाहेर जाताना दाराच्या चौकटीला खालच्या बाजूला एक काळा दोरा आडवा चिकटवून गेलो. परत आलो तर दोरा जसाच्या तसा. म्हणजे आत कुणी आलेलं नाही. तरी कात्री पाण्याच्या पिंपावर होती. दोरा तुटल्याशिवाय आत येणारा हा कोण, हे मला समजत नाही. तुला समजलं तर सांग.

डोकं सकाळपासून जड असतं, पोटात ढवळतं. खाली औषधाच्या दुकानासमोर बाक आहे तिथे जाऊन बसलो की बरं वाटतं. दुकानदार म्हणतो, वय झालं. त्याला काय, तो सगळ्यांना तेच सांगून गोळ्या देतो. जाळीचं झाकण मात्र पक्कं आहे, रोज तपासतो. किटली कपाटात सापडली हे तुला सांगितलं का?

तुझा,
बाबा


२४ डिसेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. बाबांचं पत्र सोबत पाठवते आहे. दोनदा वाच. मी सहा वेळा वाचलं आणि दर वेळी दोन्ही बाह्या डाव्या यापाशी येऊन थांबले. ज्या माणसाने डोळे मिटून सुई ओवायची पैज जिंकली तो असं करेल?

आत्या, हे काय आहे ते मला कळतं आहे असंही वाटतं आणि काहीच कळत नाही असंही वाटतं. पत्राची सुरुवात अगदी बाबांसारखी आहे, कुलपाचंही नीट लिहिलं आहे, आणि मधेच किटली दोनदा येते. माझ्या वरिष्ठ बाईंच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. त्यांनी शेवटी गॅस चालू ठेवून बाहेरून कुलूप घातलं.

मी इथे जवळच म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात खोली बघून ठेवली आहे. स्वच्छ आहे, खिडकी आहे, पण मशीन ठेवू देत नाहीत. जानेवारीअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. हो म्हटलं तर घर विकावं लागेल. बाबांना यातलं काही बोललेले नाही. तू चार दिवस त्यांच्याकडे जाऊन राहा आणि तुझ्या डोळ्यांनी बघून मला सांग. ती खोटी समजूत घालायची सवय या वेळी बाजूला ठेव. तू बघशील त्यावर मी ठरवणार आहे.

तुझी,
टाचणी


२ जानेवारी

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. तू सांगितल्याप्रमाणे मी चार दिवसांसाठी भावाकडे राहायला आले आहे. आज तिसरा दिवस. तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून मी गावाचे नंबर तोंडपाठ ठेवले, तेव्हा माझ्या नजरेतून काही सुटत नाही हे तू जाणतेसच.

भाऊ ठीक नाही. वाईट वाटतं पण लिहिते. सकाळी कापड पाण्यातून काढून झालं की डोकं धरून बसतो. काल मला आई म्हणाला, मग स्वतःच ओशाळला. दुपारी खाली बाकावर तासभर बसून आला की पुन्हा पहिल्यासारखा, माझ्या साडीच्या काठावर टोमणे मारण्याइतका. वर आला की तासाभरात परत तेच. ऊन लागलं की उजाडतं आणि आत आलं की मावळतं, असं हे कसलं दुखणं, मला तर उलगडत नाही. खोली घेऊन टाक असं मी सांगणार होते. अजूनही सांगते. पण तो बाकावर बसलेला असतो तेव्हा सांगवत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे मी चार दिवसांसाठी राहायला आले आहे. माझंही डोकं ठणकतं आहे, मशीनच्या खडखडाटाने असेल. मशीन बंद आहे. पण बंद असलं तरी त्रास होतोच. मघाशी दूध तापवायला ठेवलं ते कुठे ठेवलं ते सापडलं नाही. भाऊ म्हणाला, दोरा तपास. तपासला. तुटलेला नाही. हे त्याला सांगायला गेले आणि काय सांगायचं ते विसरले, मग आम्ही दोघं हसलो.

खोलीचं काय ते तुझ्या आईला विचारून कळवते. ती बाहेर गेली आहे, येईलच आता.

पाकिटावर पत्ता औषधवाल्याकडून घालून घेते. तुझा घर नंबर काही केल्या आठवत नाही.

तुझी,
आत्या


११ जानेवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये तुमच्या आणि आत्याच्या खाटांच्या मधे बसले होते, पण बोलायचं ते तोंडातून निघालं नाही. आता गाडीतून उतरून घरी आले आहे आणि लिहिते आहे.

आत्याचं पत्र आलं तेव्हा मी कामावर निघाले होते. पाकिटावरचं अक्षर परकं आणि आत आईला विचारून कळवते असं लिहिलेलं. आईला जाऊन सात वर्षं झाली. मी ते पत्र घेऊनच कारखान्यात गेले. एका माणसाला भ्रम होतो हे समजण्यासारखं आहे, पण विसरभोळेपणा सर्दीसारखा भावाचा बहिणीला लागतो का? आमच्या भट्टीवरचा मुकादम तिथे होता, त्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. घरात गॅसचा गीझर आहे का, आणि त्याची हवा कुठून जाते. भट्टीवरच्या माणसांना हे शिकवतात. ज्वाळेला ताजी हवा मिळाली नाही की विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास ना रंग. आधी डोकं दुखतं, मग माणूस भलतंच बोलतो, मग झोपतो तो झोपतोच. मोकळ्यावर गेलं की बरं वाटतं.

मी तिथूनच औषधवाल्याला फोन केला. तो वर गेला तेव्हा, चार दिवस उलटूनही तिथेच राहिलेली आत्या बाथरूमच्या दारात पडलेली होती आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून तिला उठायला सांगत होतात, हे त्याने तुम्हाला सांगितलं असेल. त्यानेच गीझर बंद केला आणि खिडक्यांच्या पट्ट्या हाताने फाडल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सकाळ गेली असती तर सांगता येत नव्हतं.

बाबा, ते झाकण मी शिवून घेतलं. चोर यायला नको म्हणून मी जे जे लिहिलं ते ते तुम्ही केलंत, आणि चोर घरातच कोंडला. वर तुमचं डोकं फिरलं असं ठरवून मी तुमचं घर विकायला निघाले होते. हो, खोली बघितली होती, आत्याने सांगितलं नसेल तर आता मीच सांगते. आणि खरं सांगायचं तर ती खोली अजून सोडलेली नाही. तुमचं डोकं ठिकाणावर आहे हे मला कळतं. पण आता तुम्ही एकटे आहात या विचाराने माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. या ना इकडे. की नको? मला काहीच सुचत नाही. तुम्ही सांगा.

रागावला असाल तर तेही लिहा.

तुमची,
टाचणी


१७ जानेवारी

चि. टाचणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही दोघं घरी आलो. आत्या तिच्या घरी गेली आहे आणि पुन्हा गावाचे नंबर घडाघडा म्हणते, त्यामुळे ती बरी झाली असं समजायला हरकत नाही. शाळेतल्या बाईंचा कोट उसवून उजवी बाही लावून दिली. या वेळी त्या बोलल्या, चांगली दहा मिनिटं.

गीझर दुरुस्तीवाला येऊन गेला. जाळी मोकळी केली, गीझर बाथरूमच्या बाहेर उघड्या गॅलरीत बसवला, आणि हवा बिघडली तर कर्कश ओरडणारं एक यंत्र भिंतीला लावलं. मलासुद्धा ऐकू जाईल असं ओरडतं. दर वर्षी तपासायला येणार आहे. सकाळी खिडक्या उघड्या असतात आणि मी स्वेटर घालून कापड बेततो.

खोली सोडून दे. डोकं जड होतं तेव्हा तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, कारण माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती चोराची नव्हती, माझी होती. आता ती गेली. मशीन जिथे आहे तिथे मी राहणार.

रागाचं विचारलंस. तुझ्यावर राग नाही, पण तू सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस ते मला पटत नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. हा गीझर बसवला तेव्हाच त्या मिस्त्रीने मला बजावलं होतं, की ही जाळी कधी झाकायची नाही. झाकण शिवताना मला ते आठवलं होतं. तेव्हा डोकं अगदी साफ होतं. तरी शिवलं.

तुझी आई गेल्यापासून तुझी पत्रं दोन-तीन महिन्यांनी यायची, चार ओळींची. तुझी तब्येत कशी, माझी बरी. मी तेवढंच उत्तर लिहायचो, कारण आपल्याला एकमेकांना काय लिहावं ते कधी समजलंच नाही. ते सगळं तुझी आई बघायची. मग त्या चोरीचं पत्र आलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि शेवटी सविस्तर कळवा असं. मी दार बुजवलं, खिडक्या बुजवल्या आणि लिहायला बसलो तर कागदाची एकच बाजू भरली. मग जाळी झाकली. जाळीचं लिहिलं तेव्हा कागद भरला. तुझं उत्तर पाचव्या दिवशी आलं.

आता घरात बुजवायला काही उरलेलं नाही. सगळं उघडं आहे, सगळं ठीक आहे, कळवण्यासारखं काही नाही. तरी पत्र लिही.

तुझा,
बाबा