नाना, ती दोन चाकं मी खरवडली

प्रिय नाना,

परवा तुमचं तेरावं झालं आणि आज मी तुमच्या तक्त्यावर ब्लेड चालवलं. आत्याचा आरडाओरडा अजून थांबलेला नाही. तिच्याआधी माझ्याकडूनच कळू दे, म्हणून लिहितेय.

तोच तक्ता, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या तुमच्या फायरमनांच्या वर्गातला! डोंगरातल्या इंजिनांची चाकं दाखवणारा. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबादेतली आपली निम्मी मराठी माणसं सामान बांधतायत. तुमच्या जागी मराठी मास्तर काही येत नाही. म्हणून निदान तुमची आठवण राहावी, यासाठी तक्ता काचेत बसवून, खाली तुमचं नाव घालून, वर्गात कायमचा लावायचं ठरलं.

कायमचा! आणि चूक तशीच?

दार्जिलिंगच्या चिमुकल्या इंजिनाला पुढे दोन छोटी चाकं काढलीत तुम्ही. अहो, तुम्हीच ना मला शिकवलंत, "कुसुम, चढावर सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर हवं"? तिथे चाकं पुढे शून्य, मधे चार, मागे शून्य! पण जन्म गेला सपाटीवरच्या इंजिनांत, हात सवयीनं चालला. मी दाखवलं तर म्हणालात, "साहेबांनी वाहवा केलीय, राहू दे आता." फार राग आला होता मला. अजून आहे.

आज तुमचे जुने फायरमन हुसेनचाचा तक्ता न्यायला तारनाक्याला घरी आले. मी ब्लेड काढलं तशी आत्या कडाडली, "बापाला जाऊन पंधरवडा नाही झाला आणि त्याच्या चुका काढतेस? शोभतं का?" चाचांनीही माझा हात धरला. "उस्ताद की निशानी है बेटी, नक्को."

"चाचा, या इंजिनाला चाकं किती?"

ते खाली बघायला लागले. "डायवर के इम्तेहान में मैं येच देखके छे चाकां बोला. फेल हुआ. उस्ताद कू बुरा लगता बोलके चुप बैठा."

ऐकलंत? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो माणूस दाद न मागता फायरमनच राहिला! हे कळलं असतं तर त्या दिवशी तुम्हाला घास गेला नसता. मग मी कुणाचं ऐकू, आत्याचं?

खरवडली दोन्ही चाकं. चाचांनीच कागद ताणून धरला.

चाचा पुन्हा परीक्षेला बसतायत. मी शिकवणार त्यांना, रोज संध्याकाळी. आत्या परभणीला चल म्हणून कितीही मागे लागो, ते ड्रायव्हर होईपर्यंत मी हैदराबाद सोडत नाही. हा माझा शब्द, नाना. रागवायचं तर खुशाल रागवा.

तुम्हाला उलट उत्तरं देणारी,
कुसुम