गॅरेजात कोन राह्यते?

प्रिय रिना,

हे पत्र सुगंधाबाईंच्या हाती देते आहे. तुझा फोन तुझ्याआधी सासरी कोण कोण पाहतं, हे मला कळतं. अंगणवाडीच्या कामानं त्या सगळ्यांच्याच दारी जातात, तुझ्या दारी आल्या तर कुणाला वावगं वाटणार नाही. वाचून झालं की कागद त्यांच्याकडेच परत दे.

बाबांचं गॅरेज मी राहण्याजोगं केलं. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते बंदच होतं आणि दिनेशकाकांना ते टायरवाल्याला भाड्यानं द्यायचं होतं. मी भिंतींना ओळंबा लावून पाहत होते, तेव्हा काका दारात उभे राहून हसले. "गॅरेजात कोन राह्यते व पोरी? ट्रक?" मी म्हटलं, ट्रकला न्हाणी लागत नाही, माणसाला लागते, आधी तिचीच जागा बघते आहे. मग राजुऱ्यात बातमी झाली की इंजिनीअर पोरगी वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी खोली काढून राह्यली. मी ती खोडली नाही.

पत्रे तेच ठेवले. खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत घेतलं आणि मधे हवेला वाट सोडली. मे महिन्यात भर दुपारी आत बसून पाहिलं; बसवतं. गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवल्या. जमिनीवरचे ऑइलचे डाग निघाले नाहीत, तसेच घोटून घेतले. आईला ते खटकतात. खटकू देत. ट्रकखाली उतरायचा खड्डा बुजव, असं ज्यानं त्यानं सांगितलं. मी तो आतून कोरडा करून वर सागवानी फळ्या टाकल्या. एक फळी उचलली की खाली तुझी शिलाई मशीन आहे. इंजिनं उचलायची लोखंडी तुळई जागेवरच आहे, तिला झोके घ्यायला बंगई टांगली. जिनं ट्रकची इंजिनं झेलली, ती आपल्या दोघींनाही झेलेल.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू आली होतीस आणि बाबांनीच तुला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. दिल्या घरी राहावं, म्हणाले. मी साइटवर होते, नाहीतर ती बस तुला घेऊन सुटली नसती. त्यानंतर फोनवर तू एकच वाक्य बोललीस. "ताई, माह्या खोलीची आतली कडी काढून टाकली त्याईनं." ते मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून "दिल्या घरी" हे शब्द आपल्या घरात कुणी काढले नाहीत, आणि काढले तर मी ऐकून घेणार नाही.

गॅरेजच्या शटरला कुलूप बाहेरूनच लागायचं. ते काढून लाकडी दार बसवलं. सुतारानं बाजारातली कडी आणली. बाबांनी ती हातात घेतली, वाकवून पाहिली आणि परत दिली. मग ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीची जुनी पोलादी पट्टी शोधून त्यांनी भट्टी पेटवली, गेलेल्या गुडघ्यांसकट खाली बसले. कडी बसवताना मी विचारलं, बाहेरूनही एक लागेल ना? ते मान वर न करता म्हणाले, "बाहेरून काऊन? तिले बाहेरून कोनी लावाची नाई."

तेव्हा कळलं, ही खोली कुणासाठी आहे हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

ये. सुगंधाबाईंना फक्त वार सांग. मी गाडी घेऊन फाट्यावर उभी असेन. बाबा शेजारच्या सीटवर असतील, त्यांना नको म्हणून पाहिलं. दागिने राहू दे, तुझे कागद तेवढे घे. लोक काय म्हणतील ते मी ऐकेन, ते काम माझ्याकडे. दिनेशकाका येऊन पुन्हा दार वाजवतील, गॅरेजात कोन राह्यते म्हणून. उत्तर तू दे, आतून. कडी काढायची की नाही, तेही तूच ठरव.

वाट पाहणारी, तुझीच
रश्मीताई