विहिरीतली कासवी

कामथडी, ता. १२ सप्टेंबर १९३४

ती. दादास सगुणाचा सा. न. वि. वि. हितं सगळी खुशाल हाईत. तू शिकवलेलं अक्षर अजून तसंच वाकडं हाय, हसू नको.

बाबांनी माझ्या लग्नात तुमच्या नदीतली कासवी आणून आमच्या हिरीत सोडली व्हती, ती तुला आठवत असंल. हिरीत कासव असलं की पाणी निवळ राहतंय म्हणून. त्याला आता आठ वर्सं झाली. दर भादव्यात ती खालच्या पायरीवर येती आन् दगड उकरत बसती. वर चढता येत न्हाई. नखं झिजली बिचारीची. काल पोहऱ्यात पांढरं गोल अंडं आलं, फुटलेलं. पोटची पोरं पाण्यात टाकायची पाळी आलीया तिच्यावर. मला लई वाईट वाटलं. सासूबाईंना म्हटलं, तिला घटकाभर बाहेर काढू या, तर त्या अशा खवळल्या! कासवी गेली की हिरीचं पाणी जाईल म्हणत्यात. तूच सांग काय करू ते.

यंदाबी मला पंचमीला धाडलं न्हाई. तू गाडी घेऊन आलास आन् रिकामा गेलास, ते अजून सलतंय. बाबा गेल्यापासनं माहेरचा उंबरा बघितला न्हाई. असू दे. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी सगुणा

गुंजवणे, ता. १९ सप्टेंबर १९३४

चि. सौ. सगुणेस कुंडलिकचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले. माझ्या शाळेतली पोरं तुझ्याहून वाकडं अक्षर काढतात, तेव्हा काळजी नसावी.

तुझं पत्र घेऊन नदीवर चिमाजी भोयाकडे गेलो. तो म्हणाला, कासवी अंडी पाण्यात घालत नाही. काठावरच्या भुसभुशीत मातीत खड्डा करून पुरते. तुमची विहीर चारी अंगांनी दगडी. आठ वर्षं ती मातीच शोधत असणार गं. ती पकडली तेव्हा पोतं मीच धरलं होतं. लेकीचं पाणी गोड राहावं एवढंच बाबांना सुचलं, आणि मला तर तेवढंही सुचलं नाही.

आता पुढचं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. ठकुबाईंस सा. न. दिवस कलताना कासवीला विहिरीजवळच्या बांधावर सोडावं, लांबून राखण करावी, तिनं माती लोटली की परत विहिरीत सोडावं. पाणी कुठं जात नाही, याची हमी गुंजवण्याचे मास्तर देतात.

हे वाचताना तू हसू नकोस म्हणजे झालं. रिकाम्या गाडीचं मनाला लावून घेऊ नकोस. बैलांना रस्ता पाठ झाला. आठवण काढत जा, पत्र टाकत जा.

तुझा दादा

कामथडी, ता. ६ ऑक्टोबर १९३४

ती. दादास सा. न. वि. वि. तुझी हमी लागू पडली! आठ दिसांमागं कासवीला बांधावर सोडली. सासूबाई स्वता काठी घेऊन कुत्री हाकत व्हत्या. अकरा अंडी घातली तिनं. मागच्या पायांनी माती लोटाय लागली तवा सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, आठ वर्सं बाई अडलेली, आन् आपण गोड पाणी पीत बसलो.

पर दुसऱ्या दिशी काय केलं असंल त्यांनी? वरची चार अंडी काढून खुडूक कोंबडीखाली ठिवली! उघड्या रानात आईबिगर कोण उबवणार म्हणून. कोंबडी रोज त्यांना उलथीपालथी करती आन् सासूबाई तिला दाणं टाकत्यात. मला हसावं का रडावं कळंना. झटकन कार्ड टाक.

तुझी सगुणा

गुंजवणे, ता. ११ ऑक्टोबर १९३४

चि. सौ. सगुणेस अनेक आशीर्वाद. पत्र वाचून एवढा हसलो की वर्गातली पोरं घाबरली. मग चिमाजीला विचारलं आणि हसू गेलं. कासवाचं अंडं फिरवायचं नसतं. ज्या कुशीवर पडलं त्याच कुशीवर राहिलं तर आत जीव धरतो. ती चार गेली असं समज. उरलेल्या सातांना कुणी हात लावू नये. वर बाभळीच्या काट्या टाका, मुंगूस उकरतं. पुढच्या पावसापर्यंत पिल्लं यायची नाहीत, तोवर तिथं नांगर नको.

सासूबाईंना बोलू नकोस. त्यांनी मायेनंच केलं, आणि आपल्या बाबांनीही मायेनंच केलं होतं. दाजींना नमस्कार सांग. थंडीचं जप.

तुझा दादा

कामथडी, ता. १४ जुलै १९३५

ती. दादास सा. न. वि. वि. दादा, पिल्लं आली! सातातली सहा. बंद्या रुपयाहून जराशी मोठी, आन् चालायची घाई किती!

सासूबाईंनी नऊ म्हयनं राखण केली रं. नांगरटीच्या वक्ताला ह्यांनी बैल बांधाकडं वळवलं, तर त्या आडव्या बसल्या आन् पोटच्या लेकाला म्हणाल्या, आधी माझ्यावरनं नांगर घाल. पिल्लं त्यांनीच पदरात घेऊन वढ्याच्या डोहाला सोडली. त्या म्हाताऱ्या बाईचं उपकार कसं फेडू मी? तुझं आन् चिमाजीचंबी.

पर खरं सांगायचं ते पुढंच हाय. काल सासूबाई हिरीच्या पायरीवर बसून कासवीकडं लई येळ बघत राहिल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, हिला हिच्या नदीला नेऊन सोडाय पायजे. मी म्हटलं, आन् हिरीचं पाणी गेलं तर? म्हणाल्या, ही यायच्या आधी आपण काय दगड पीत व्हतो? उठता उठता म्हणाल्या, इतक्या वर्सांनी माहेरी चाललीया, तिला एकटीला कशी धाडायची, तू जा संगं, आन् म्हयनाभर ऱ्हा. एवढं बोलून त्या चुलीकडं गेल्या. माझ्या हातातला पोहराच सुटला, दादा.

तवा पंचमीच्या आदल्या दिशी गाडी आण आन् एक वलं पोतं आण. ह्या खेपेला पोतं मी धरीन. आमी दोघी येतोय.

तुझी सगुणा