ढब्बूने माझ्यावर टाकलेला विश्वास

४ मार्च, मंगळवार

ढब्बूला दवाखान्यातून घरी आणलं. दाढ काढली त्याची. सशाला दाढा असतात हे मला आजच कळलं, पण डॉक्टरीणबाईंना तसं जाणवू दिलं नाही. गंभीरपणे मान हलवत राहिलो.

बाई म्हणाल्या, दुखण्यावरचं औषध जबरदस्त आहे, त्याला गुंगी येईल. त्या औषधाने पोट मंदावतं आणि सशाचं पोट थांबलं तर काही खरं नाही. खाणं पोटात गेलंच पाहिजे, लेंड्या पडल्याच पाहिजेत. सूचनांचा एक छापील कागदही दिला. तो गाडीतच राहिला. मी स्वतः घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. सूचना कोण वाचतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

लेक शाळेच्या शिबिराला गेली आहे, रविवारी येईल. जायलाच तयार नव्हती. ढब्बूला दवाखान्यातच ठेवू या, बाबाला नाही जमणार, असं माझ्यादेखत आईला सांगत होती. वाईट वाटलं. मी शब्द दिला की रविवारी ढब्बू दारात उड्या मारत असेल. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. हिच्या ऑफिसात ऑडिट आहे, त्यामुळे आठवडाभर मैदान माझंच.

बेत: वॉशिंग मशीनची पुस्तिका शुक्रवारपर्यंत हातावेगळी करणे. रोज सकाळी फिरायला जाणे. ससा मधल्या वेळात.

५ मार्च, बुधवार

फिरायला गेलो नाही. रुग्णाला एकटं कसं टाकणार?

माझ्या कामाच्या खोलीत ढब्बूसाठी कुंपण बांधलं. पुठ्ठ्याची खोकी, इस्त्रीचं टेबल, जुनी गादी, वर पुस्तकांचं वजन. असं भक्कम की ससा काय, म्हैस बाहेर पडणार नाही. त्रुटी एकच. बांधताना मी आत होतो.

ओलांडायला गेलो तर इस्त्रीचं टेबल हललं आणि ढब्बू दचकला. दचकणं त्याच्या तब्येतीला बरं नाही, म्हणून खाली बसलो. चहा स्वयंपाकघरात, फोन टेबलावर, मी गादीशेजारी. संध्याकाळी ही आली आणि एक खोकं बाजूला केलं. इतकंच करायचं होतं, असं म्हणाली. बाहेरून सगळं सोपं दिसतं.

कुंपणात पसरट ताटलीत खाण्याच्या गोळ्या ठेवल्या आहेत, वाळलं गवत आहे, कोथिंबीर आहे. ढब्बूमहाराजांनी अजून तोंड लावलेलं नाही. भूक लागली की खाईल. पुस्तिकेचं एक पान झालं. मुखपृष्ठ.

६ मार्च, गुरुवार

आज जे घडलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

ढब्बूला घरात आणल्यापासून तो माझ्या वाऱ्याला उभा राहिलेला नाही. मी दिसलो की पाय आपटतो. माझ्या दोन पँटी कुरतडल्या, हिचा साधा रुमालसुद्धा नाही. आणि आज, औषध दिल्यावर थोड्या वेळाने, आपणहून सरकत आला, माझ्या पायावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले!

आजारपणात आपलं कोण ते बरोबर कळतं. मुक्या जिवाला जे कळलं, ते या घरात बाकीच्यांना कधी कळणार?

अर्थात त्यानंतर हलता आलं नाही. कुरियरवाला बेल वाजवून वाजवून गेला. कंपनीतल्या साहेबांचा व्हिडिओ कॉल आला, तो मोकळ्या पायाच्या अंगठ्याने घेतला. त्यांना बराच वेळ आमचं छत दिसलं. पुस्तिका कुठवर आली, असं विचारलं. शेवटचा हात फिरवतोय, म्हणालो. हात खरंच फिरत होता. ढब्बूच्या पाठीवर.

कंबर धरली आहे. तोंड धुतलेलं नाही. खिडकीतून दिसणारी समोरची भिंत आता पाठ झाली आहे. पण विश्वास टाकलाय त्याने, उठणार कसा?

७ मार्च, शुक्रवार, सकाळ

फत्ते! लेंड्या! कुंपणाच्या कोपऱ्यात चांगला ढीग. हिला ओरडून सांगितलं. सासूबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, आणि तुमच्याकडे ऊन कसं आहे, असं विचारलं. शिबिराच्या बाईंच्या फोनवर लेकीला गाठलं.

लेकीने विचारलं, कशा आहेत? मी म्हणालो, उत्तम! सगळ्या एकसारख्या, एकाच लांबीच्या, दोन्ही टोकांना सपाट, मशीनमधून काढल्यासारख्या. पलीकडून विचारलं, सपाट? मग म्हणाली, आईला फोन दे.

हिने फोन कानाला धरूनच वाकून एक उचलली, बोटांत मोडली, वास घेतला आणि मला म्हणाली की हे त्याचं खाणं आहे. ताटली कलंडली होती. बहुतेक माझ्याच पायाने.

म्हणजे पडलेलं काहीच नव्हतं. मंगळवारपासून काहीच नाही.

लेक रडली. बाबा, तू म्हणाला होतास ना, एवढंच म्हणाली. मी पिंजरा शोधायला लागलो.

त्याच दिवशी, रात्री

ऑडिट टाकून ही आली, आम्ही दोघं ढब्बूला घेऊन दवाखान्यात. बाईंनी पोट चाचपलं. सुजलेलं नाही, पण थंड पडलंय, म्हणाल्या. मंगळवारपासून खात नाही तर लगेच का नाही आणलंत, असं विचारलं. कागदावर तसं ठळक छापलंय म्हणे. मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे पाहतच होती.

आता गुंगीचं औषध बंद. दुसरं साधं दिलंय. सिरिंजने पातळ खाणं भरवायचं, पोटावरून हळू हात फिरवायचा, चालवायचं. उद्यापर्यंत पोट सुरू झालं नाही तर रविवारी सकाळी पुन्हा भरती. मग मात्र काही सांगता येत नाही.

निघताना सहज म्हणालो की माझ्याजवळ असला की फार शांत असतो. बाई म्हणाल्या, त्या औषधात ससा दगडावरसुद्धा मान टाकून झोपतो. बाईंचं शिक्षण आहे, मान्य. पण आमच्यातलं त्यांना काय ठाऊक?

भरवलं. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या शर्टावर. एका हाताने ढब्बू आणि एका हाताने टाइप करत पुस्तिका संपवली आणि पाठवली. शब्द म्हणजे शब्द.

संध्याकाळी साहेबांचा फोन. 'बिघाड आणि उपाय' या प्रकरणात, यंत्र थंड पडल्यास त्यास मांडीवर घेऊन पोटावरून हळुवार हात फिरवावा, असं छापायला गेलं होतं. छापखान्यातल्या माणसाने विचारायला फोन केला म्हणून वाचलो. साहेब ओरडले नाहीत. घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

८ मार्च, शनिवार

गुंगी उतरली. ढब्बू जागा झाला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाय आपटला.

हा राग माझ्यावर नाही. औषधावर आहे.

भरवायला गेलो तर अंगठा फोडला. हा चावाही मुळात सिरिंजला होता, मध्ये अंगठा आला. मग माझं भक्कम कुंपण एका उडीत ओलांडून कपाटामागे शिरला. गादी लावली, खोकी सरकवली, उपयोग नाही. ही म्हणाली, दारं बंद कर आणि त्याला सोड, चालतोय ना, तेच हवंय. ऑडिटवाल्यांनी आजही बोलावलंय तिला. मी राहिलो.

दिवसभर जमिनीवर आडवा होऊन कपाटाखाली बघतोय. एक कान दिसतो. मधूनमधून हलतो. हलला की मी श्वास घेतो. त्याला सांगितलं की बाबा रे, माझ्यासाठी नको, निदान तिच्यासाठी तरी कर. तिने बाबाला जमणार नाही म्हटलं होतं, ते खरं ठरवू नकोस. कान हललाच नाही.

संध्याकाळी आणखी एकदा भरवलं. ओढून काढावं लागलं. इवलंसं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं, माझ्या धाकाने. माझ्याच. तरी भरवलं.

घाबरलोय मी. दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

९ मार्च, रविवार, सकाळ

दवाखान्यात न्यायला पिंजरा काढला. कपाटाजवळ काढून ठेवलेली चप्पल पायात सरकवली आणि काहीतरी टोचलं.

लेंड्या. माझ्या चपलेत. लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, एक तर अगदीच कशीतरी. या खेपेला कुणालाही फोन केला नाही. चप्पल तशीच दोन्ही हातांत धरून हिच्यापुढे नेली. हिने चष्मा लावला. बघितलं. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली. मीपण हसलो. डोळ्यांत केस गेला होता सशाचा, तो बराच वेळ निघेना.

मग डॉक्टरीणबाईंना तेवढं विचारलं. आणायची गरज नाही म्हणाल्या.

९ मार्च, दुपार

लेक आली. बॅग दारात टाकून खोलीत जाऊन नुसती जमिनीवर बसली. हाकसुद्धा मारली नाही. ढब्बू कपाटामागून आला, तिच्या हातातलं गवत ओढून खायला लागला. इतकंच. मी दारात उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहून पाय आपटला.

लेकीने अंगठ्यावरची पट्टी पाहिली. चावला का, विचारलं. स्टेपलर लागला, म्हणालो. तिने जवळ येऊन पट्टी नीट केली आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की बाबा, सिरिंजमुळे तो तुला घाबरतो, थोडे दिवस तू या खोलीत येऊ नकोस हं. खोली माझी. टेबल माझं. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेचे कागदही त्यातच.

तर मी सुटलो. आठवडाभर कोंडलेला माणूस मोकळा झाला. आता वाटेल तिथे जाता येईल. उद्यापासून सकाळी फिरायला जाणार, हे नक्की.

सध्या पॅसेजमध्ये, खोलीच्या दाराला टेकून बसलोय. पायाला मुंग्या आल्यात म्हणून, बाकी काही नाही. आतून गवत चावल्याचा आवाज येतो.

चप्पल अजून धुतलेली नाही. धुवीन सावकाश, घाई काय आहे?