उंदराचं डोकं आणि माझी खाच

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (सध्या कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच मानून घ्या.) मामीचे गुडघे बरे असतील आणि निवृत्तीच्या उत्साहात तुम्ही तिचा चांगला चालणारा मिक्सर उघडला नसेल, अशी आशा करते. मी मजेत आहे. पत्र निव्वळ खुशालीचं आहे. काम काही नाही.

मागच्या भेटीत तुम्ही विचारलं होतंत, उंदराचं डोकं धरायला इंजिनियर कशाला लागतो? सगळे हसले आणि माझं सांगायचं राहून गेलं. तर ऐका. जागा उंदीर फिरत्या चाकावर चालतो आणि वरून सूक्ष्मदर्शक त्याच्या मेंदूतल्या पेशी बघतो. म्हणजे पाय चालले पाहिजेत, पण डोकं केसभरही हलता कामा नये. त्यासाठी भूल देऊन त्याच्या कवटीवर टायटॅनियमची एक छोटी पट्टी आधीच चिकटवतात. ती पट्टी ज्या खाचेत सरकवून घट्ट धरायची, ती पकड माझी. पट्टीही माझीच.

संगणकावर पट्टी खाचेत इतकी सुरेख बसली की आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना मी ती चारी बाजूंनी फिरवून दाखवली. पट्टी दहा मिलिमीटर, खाच दहा मिलिमीटर. चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे आणि हत्यारं घडवण्यात काढलेला माणूस इथे हसणार, हे मला ठाऊक आहे. (हसा, पण मामीला कारण सांगू नका.) आमच्या वर्कशॉपचे फोरमन हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी दोन्ही दहाच्या दहा कापलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "घाला." पट्टी जाईना, सरकायला केसभरही फट मी ठेवलीच नव्हती. मी म्हटलं, खाच जरा सैल करा. "जरा म्हणजे किती?" मी म्हटलं, अंदाजाने. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चहाला निघून गेले.

पुढे कशी कोण जाणे, खाच सैल झाली. (अ‍ॅल्युमिनियम मऊच असतं, झिजलं असेल.) पट्टी बसली, मी खूश झाले, आणि उंदराने पहिलं पाऊल टाकताच पडद्यावरच्या सगळ्या पेशी उड्या मारायला लागल्या. मी टेबलाला दोष दिला. मग एसीला दिला आणि तो बंद करून अख्ख्या खोलीला घाम फोडला. मग लिफ्टला दिला. शेवटी हा उंदीरच चंचल आहे म्हटलं, तेव्हापासून उंदरांची देखभाल करणाऱ्या ताई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. तो बिचारा शहाण्यासारखा चालतो आणि मिळेल तो साखरपाण्याचा थेंब चाटतो. हलतं ते माझं काम.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, सोमवारपर्यंत चित्र स्थिर झालं नाही तर तयार पकड मागवू. म्हणजे माझं वर्षभराचं काम कपाटात. फार वाईट वाटतंय मामा. पण तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका, मी बघते काहीतरी.

तुमची हुशार (तुमचाच शब्द) भाची

ता. क. ड्रॉइंग सोबत ठेवलं आहे. सहजच. लाल पेन्सिल हाताशी असली तर बघा.

ता. क. २. खाच झिजली वगैरे काही नाही. फोरमन चहाला गेले तेव्हा मी कानस मारली. हाताने, नजरेच्या अंदाजाने. तुमच्या निरोप समारंभात माइक हातात घेऊन "मामा, आता हाताच्या कामाचे दिवस गेले" म्हणणारी मीच ती, हे माझ्या लक्षात आहे. तुमच्या असेल तर विसरा.

ता. क. ३. शनिवारी येता का? एक जुने टूलरूमवाले येतील म्हटल्यावर फोरमन सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप उघडायला तयार झाले. मामी फोनवर सांगत होती, तुम्ही अजून रोज सकाळी वेळेवर तयार होता, कारखान्याच्या फाटकापर्यंत जाता आणि परत येता. ऐकून मला रडू आलं. पण म्हणून बोलावते आहे असं मुळीच समजू नका. खाच खरोखर सैल आहे. येऊन मोजा.