धुक्यातल्या गृहस्थांनी दिलेला सल्ला

ति. वर्नाताईस,

लेम्युएलचा टोपी काढून नमस्कार. (टोपी मी काढली नाही, टार्पलीबाईंच्या गळाने काढली, ते सांगतोच.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? डॉर्सीदाजींचा खोकला ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत थांबला असावा. इकडे अलाबामात ऑक्टोबर लागला. माझी तब्येत ठणठणीत आहे.

मंगळवारी सकाळी दोन नवशिक्यांना बास मासे धरायला नेलं होतं. क्लोव्हिस टार्पली, जन्मभर पियानो दुरुस्त केलेला निवृत्त गृहस्थ, आणि त्याची बायको इमोजीन. दोघांनी आजवर मासा धरला तो फक्त काट्याचमच्याने. बाईंनी पहिल्या फेकीत माझी टोपी पाण्यात पोचवली, दुसऱ्या फेकीत नवऱ्याचं सँडविच, आणि वर मलाच म्हणाल्या, "लेमभाऊ, तुम्ही फार मधे मधे येता हो!" क्लोव्हिसने तर रबरी गांडुळात गळ टोचण्याआधी त्याची माफी मागितली. (खरंच मागितली. वीस वर्षं मी लोकांना मासे धरायला नेतोय, पण असा माणूस पहिलाच.)

नऊच्या सुमारास धुकं उतरलं. असं की नावेचं पुढचं टोक दिसेना. मी मोटर बंद केली. आम्ही तलावाच्या त्या चिंचोळ्या फाट्याशी होतो, जिथे धरणाच्या वेळी चर्च बुडालं. तुला ठाऊक आहे, तिथे आतबाहेर करायला एकच तोंड, आणि त्या तोंडावर माझी नाव आडवी. कुणाला जायचं तर आम्हाला घासूनच जावं लागणार. तेवढ्यात आतून वल्ह्याचा आवाज आला, आणि हातभर अंतरावरून कुणीतरी शांतपणे विचारलं, "गळाला काय लावलंय?"

बाईंना यात काहीच वावगं वाटलं नाही. "हिरवं गांडूळ!" त्या ओरडल्या.

"जांभळं लावा. चर्चच्या मनोऱ्याच्या डावीकडे टाका, मनोऱ्यावर नको, दोरी अडकते. आणि ती गाठ कुणी मारलीय? सुटणार ती."

गाठ मी मारली होती, ताई. आणि माझ्या गाठींना नावं ठेवणारा माणूस जगात एकच होता. अकरा वर्षांपूर्वी त्याची रिकामी नाव याच फाट्यात सापडली, तो सापडला नाही, आणि आपण रिकामी शवपेटी पुरली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. क्लोव्हिस माझ्या कानाशी पुटपुटला, "आपण तिघं बोललो की डोंगरावरून आवाज परत येतो. यांचा येत नाहीये." (पियानोवाल्याचे कान. मला ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.)

बाईंनी जांभळं गांडूळ डावीकडे टाकलं आणि काठी कमानीसारखी वाकली. आठ पौंडांचा बास! मी त्याचा जबडा धरून नावेत घेतला, त्याच क्षणी गाठ सुटली. मासा इतका गार की बोटं बधिर झाली. बाईंनी तो हलकेच पाण्यात सोडला. म्हणाल्या, "सल्ला त्यांचा, मासाही त्यांचाच." मग धुकं विरलं. फाटा रिकामा. पाण्यावर साधा तरंग नाही.

"सभ्य गृहस्थ होते," बाई म्हणाल्या, "पण निरोप न घेता गेले." क्लोव्हिस काठाला लागेपर्यंत माझं मनगट धरून बसला होता. कोण कुणाला धीर देत होतं, देव जाणे.

दाजींना नमस्कार. पत्र वाचून हस, म्हणजे मलाही जरा हसता येईल.

तुझा,
लेम्युएल

ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल मी पुन्हा प्यायला लागलो.

ता. क. शब्द फुटेना असं लिहिलंय, ते खोटं. धुकं विरायच्या आधी बाबांनी विचारलं, "वर्नाचा राग गेला का रे?" ते नाहीसे झाले त्या सकाळी तुम्हा दोघांत काय झालं, मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण घाबरून मी बोलून गेलो, की महिनाअखेरच्या शनिवारी ती येतेय, तिलाच विचारा. ते म्हणाले, "बरं, मग थांबतो." विमानाचं तिकीट पाकिटात घातलंय. शब्द मी दिला, ताई, पण ते वाट तुझी बघतायत.