गेटपासून तिसरा खांब

नॉर्सबी, मॉन्टाना
२ सप्टेंबर १९८५

चि. मार्ला हिस अ. उ. आ.

फोन सोडून पत्र का, म्हणून चिडू नकोस. फोनवर हवामान सांगून झालं की माझं बोलणं संपतं. पुढचं सगळं तुझी आई बोलायची. आता पुढचं बोलायला कुणी नाही, म्हणून कागद घेतला.

घर ठीक आहे. मार्चमध्ये आई गेली तेव्हा लोकांनी झाकणाच्या भांड्यांतून जेवण आणून दिलं होतं. त्यातली नऊ भांडी अजून ओट्यावरच आहेत. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलंय, त्यामुळे कुणाचं कोणतं हा प्रश्न नाही. प्रश्न नऊ दारं वाजवायचा आहे.

आता मोठी बातमी. केंट लिंडग्रेन गेला. म्हणजे धडधाकट आहे, बिलिंग्जला गेला. त्याच्या वडिलांची बदली झाली आणि माझा क्वार्टरबॅक शाळा उघडायच्या चार दिवस आधी ट्रकमध्ये सोफ्याला टेकून निघून गेला. आपला सहा जणांचा फुटबॉल, आणि माझ्याकडे आता नऊ पोरं उरली. नऊही धावतील, अंगावर घेतील. पण चेंडू हातात आल्यावर काय करायचं ते ठरवणारा आणि बाकीच्या पाचांना ते करायला लावणारा एकच असतो. शाळेच्या मंडळाने मला बोलावून बजावलं की या संघाने मोसम धड पुरा केला नाही, तर पुढच्या वर्षी आपली पोरं शेजारच्या व्हिटकॉम्बच्या संघात घालू. व्हिटकॉम्बच्या! तुझी आई त्यांना पाहुणे म्हणून आले तरी पुडिंग हात राखून वाढायची.

टॉड रीसला तयार करतोय. उंच आहे, हात दणकट आहे. बघू.

साडेतीनला शाळेची घंटा होते. संघ गेला तर साडेतीनपासून झोपेपर्यंत मी करायचं काय, ते मला माहीत नाही. जावईबापू ग्लेनला आठवण सांग.

माया आहेच, ती पत्राने पोचते असं समज.
तुझा,
बाबा


सिॲटल
९ सप्टेंबर १९८५

ती. बाबांस,
मार्लाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जुन्या घरी जाऊन मग इकडे आलं. यापुढे पाकिटामागच्या पत्त्यावर टाका. ही जागा लहान आहे पण प्रयोगशाळेच्या जवळ आहे, आणि खिडकीतून फेरीबोटी दिसतात. कालपासून पाऊस आहे. घ्या, हवामान मीच सांगून टाकलं, आता तुम्हाला दुसरं काहीतरी बोलावं लागेल.

भांड्यांना पाय फुटत नसतात, बाबा. रोज एक उचला. दार उघडणारी बाई तुम्हाला खाणार नाही, उलट खायलाच घालेल. तुम्ही रात्री डब्यातलं सूप भांड्याला तोंड लावून पिता की बशीत घेता, तेवढं कळवा.

टॉड रीस म्हणजे तोच ना, ज्याने बायबल वर्गात माझ्या कोटाच्या खिशात बेडूक घातला होता? तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी त्याची बाई होते, हे कबूल. पण बेडूक मी विसरलेले नाही.

एक विचारायचं होतं. पहिल्या सामन्याला आईच्या जागेवर कुणी गाडी लावली का? मैदानाभोवती गाड्या लागल्या की गेटपासून तिसऱ्या खांबाशी आपली हिरवी गाडी नसेल, हे मला इथे बसून डोळ्यांपुढे आणता येत नाही. आपण गुण केले की ती दोनदा हॉर्न वाजवायची, आणि तुम्ही पोरांवर फार ओरडलात की एकदा, लांब.

इकडेच राहायला या, हे मी दर पत्रात लिहिणार आहे. मोसम संपला की विचार करा.

तब्येत सांभाळा, आणि रागावलात तरी लिहीत राहा.
तुमची,
मार्ला


नॉर्सबी
२२ सप्टेंबर १९८५

चि. मार्ला हिस अ. उ. आ.

सूप बशीत घेतो. जवळजवळ नेहमी.

तीन सामने झाले, तिन्ही गेले. परवाचा तर अर्ध्यावरच संपला. पंचेचाळीस गुणांनी मागे पडलं की पंच खेळ थांबवतात, तुला आठवत असेल. बायकांची कॉफी उकळायच्या आत आम्ही हरून मोकळे झालो. टॉड चेंडू फेकतो झकास, पण जिथे फेकतो तिथे आपलं कुणी नसतं. तो डावीकडे म्हणतो आणि पोरं मनाला येईल तिकडे जातात. मग तो त्यांच्यावर खेकसतो, की ती आणखी लांब जातात. शेवटी त्याच्या जागी रस्टीला घेऊन पाहिलं. पळायला वाऱ्यासारखा, पण काय ठरलं होतं ते अर्ध्या वाटेत विसरतो.

मैदानाभोवती अकरा गाड्या होत्या. तिसऱ्या खांबाशी कुणी लावली नाही. कुणी कुणाला सांगितलं नसावं, तरी सगळे ती जागा सोडून पलीकडे लावतात. मी तिकडे बघत नाही. आपली गाडी मार्चपासून गॅरेजबाहेर काढलेली नाही, मी मैदानावर चालत जातो.

आता तुला एक सांगतो, ते गावात कुणालाच माहीत नाही. ब्रेक्के मास्तरला क्वार्टरबॅक ओळखायची नजर आहे, असं लोक सव्वीस वर्षं म्हणत आलेत. माझ्याकडे काडीची नजर नाही. दर सप्टेंबरात तुझी आई शाळेच्या जेवणघरातून घरी यायची, ॲप्रन खुंटीला अडकवायची आणि एक नाव सांगायची. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात चेंडू द्यायचो. एकदाही चुकली नाही. ती वाढता वाढता काय बघायची ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं राहूनच गेलं. आता टॉड मी निवडला, आणि का निवडला तर उंच दिसला म्हणून.

तिने कुणाला निवडलं असतं, याचाच विचार करत बसतो. घरात फार शांत असतं.

नव्या जागेत ग्लेनने त्याच्या त्या अवजारांच्या पेट्या कुठे ठेवल्या? आम्हाला दोघांनाही उचलेनात अशा होत्या.

लोभ तसाच ठेव, हरणाऱ्यालाही तो लागतो.
तुझा,
बाबा


सिॲटल
२९ सप्टेंबर १९८५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कारण सव्वीस वर्षं सगळं गाव फसलं आणि गावाबरोबर मीसुद्धा. दुसऱ्यांदा रडले, ते कशाला लिहीत बसू?

तुम्ही शाळेत सव्वीस वर्षं सुतारकाम शिकवताय आणि डबा तुमच्या त्या भुशाच्या खोलीत एकटे बसून खाता. जेवणघरात तुम्ही कधी पाऊल टाकलंत का? मी शाळेत असताना तर कधी पाहिलं नाही. आई जे बघायची ते तिथे बघायची ना? मग उद्या ताट घ्या आणि तिथे जाऊन बसा. पोरं पळून जाणार नाहीत. गेलीच, तर जो सगळ्यात आधी परत येईल तोच तुमचा क्वार्टरबॅक.

माझं बरं चाललंय. काम भरपूर आहे. संध्याकाळी खिडकीत बसून बोटी मोजते.

मायेत अंतर पडू देऊ नका. भांडी किती उरली?
तुमची,
मार्ला


नॉर्सबी
१३ ऑक्टोबर १९८५

चि. मार्ला हिस अ. उ. आ.

भांडी सहा उरली. तीन दिली, त्या बदल्यात ॲपल पाय, लोणच्याची बरणी आणि मांजराचं पिल्लू देऊ केलं गेलं. पिल्लू मी नाकारलं.

जेवणघरात गेलो. मी ताट घेऊन बसलो तशी अख्खी खोली चिडीचूप झाली. रस्टीला वाटलं कुणाला तरी शाळेतून काढणार आहेत. तीन दिवस बसलो. डोळे फाडफाडून पाहिलं, आणि मला फक्त जेवणारी पोरं दिसली. चौथ्या दिवशी ताट परत द्यायला गेलो तेव्हा बर्नाइस हॉफर, जी आईबरोबर चौदा वर्षं वाढायला उभी असायची, तिने विचारलं की मास्तर, काय हरवलंय? मी सांगून टाकलं. म्हटलं, एडिथ इथून काय बघायची तेवढं सांग.

बर्नाइस हसायलाच लागली. म्हणाली, अहो, बघायची कसली, विचारायची ती! बटाटे वाढता वाढता प्रत्येकाला विचारायची, की बाबा रे, अडचणीत सापडलास तर इथल्या कुणाचं ऐकशील? पोरं नाव सांगायची, ही ताटात आणखी एक डाव टाकायची, झालं. वर बर्नाइस म्हणाली, तुम्ही विचारलं असतंत तर तुम्हालाही सांगितलं असतं की हो पोरांनी.

मार्ला, मला वाटायचं तिला दैवी नजर होती. तिने फक्त विचारलं होतं. मी सव्वीस वर्षं या पोरांना काय करायचं ते सांगितलं, विचारलं काहीच नाही. तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी बर्नाइसने माझ्या हातात डाव दिला. नऊ जणांना विचारलं. आठ जणांनी एकच नाव घेतलं: ड्वेन फोसम. तोच, ज्याला सगळे पिंप म्हणतात, जो मधे वाकून चेंडू मागे देतो आणि ज्याच्याकडे मी चार वर्षांत नीट पाहिलंही नाही. टॉडनेसुद्धा त्याचंच नाव घेतलं, मान खाली घालून. ड्वेनला विचारलं तर म्हणाला, सर, जो हळू आवाजात सांगेल त्याचं.

तो पळत नाही, लोळतो. पण सहांच्या खेळात ज्याच्या हाती चेंडू पहिला येतो त्याला तो घेऊन पुढे पळताच येत नाही, आधी दुसऱ्याला द्यावा लागतो. मग त्याने पळायचं कशाला? द्यायचं कुणाला ते कळलं की पुरे, आणि ते त्याला कळतं. परवा अडतीस विरुद्ध बत्तीस असे जिंकलो. पाचही जण तो सांगेल तिकडे गेले. अकराही गाड्यांचे हॉर्न वाजले आणि मला सवयीने बारावा ऐकू आला.

जपून राहा, आणि या म्हाताऱ्याला विसरू नकोस.
तुझा,
बाबा


सिॲटल
१७ ऑक्टोबर १९८५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

शाब्बास पिंप! तुमचं पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. एका बाईने विचारलं की सहाच जण का, बाकीचे आजारी होते का? तिला समजावण्यात जेवणाची सुट्टी संपली.

आज जास्त लिहीत नाही, थकलेय. मांजराचं पिल्लू घ्यायला हवं होतंत.

असेच जिंकत राहा आणि मला कळवत राहा.
तुमची,
मार्ला


नॉर्सबी
२१ ऑक्टोबर १९८५

चि. मार्ला हिस अ. उ. आ.

आधी वाईट बातमी. काल मंडळाची बैठक झाली. आणखी दोन कुटुंबं वसंतात गाव सोडणार आहेत. पुढच्या वर्षी फुटबॉलच्या वयाची चारच पोरं उरतात. अध्यक्ष भला माणूस आहे. त्याने सांगितलं की ऑर्विल, तू सगळे सामने जिंकला असतास तरी चाराचे सहा कुठून करणार? पुढच्या वर्षीपासून व्हिटकॉम्बचा संघ, व्हिटकॉम्बचे रंग. २ नोव्हेंबरचा सामना नॉर्सबीचा शेवटचा. पोरांना मी आज सांगितलं. रस्टी रडला. ड्वेनने हळूच विचारलं की सर, साडेतीनला तुम्ही काय कराल? मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, माहीत नाही.

घरी आलो आणि तुझी सगळी पत्रं काढून ओळीने मांडली. मार्ला, यातल्या एकाही पत्रात ग्लेनचं नाव नाही. मी त्याला आठवण सांगितली, त्याच्या पेट्यांचं विचारलं, तू दोन्ही वेळा बोटींचं सांगून सुटलीस. लहान जागा. संध्याकाळी बोटी मोजणं. आई असती तर तिला दुसऱ्याच पत्रात कळलं असतं. मला सहा आठवडे लागले, आणि तेही एका पोराने मला विचारलं म्हणून.

तर विचारतो. ग्लेन तिथे आहे का? तू कशी आहेस? हवामान नको.

उत्तर द्यायचं नसलं तरी पत्र टाक. रिकामं पाकीटही चालेल.
तुझा,
बाबा


सिॲटल
२६ ऑक्टोबर १९८५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

नाही. जूनपासून नाही. दुसरी कुणी आहे, टकोमाला. पेट्या तो घेऊन गेला, दोन मित्र बोलावून.

आईला जाऊन तीनच महिने झाले होते, तुमच्यावर आणखी ओझं कशाला, असं वाटलं. नंतर सांगायचं कसं ते कळेना. इथे मी कुणालाच सांगितलेलं नाही. प्रयोगशाळेत अजून लग्नाची अंगठी घालून जाते, कारण काढली तर कुणी विचारेल म्हणून भीती वाटते, आणि कुणीच विचारलं नाही तर त्याचीही. तुम्ही पहिले. बाबा, तुम्ही विचारलंत, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मी बरी नाहीये. पण पत्र लिहून झाल्यावर मघापेक्षा थोडी बरी आहे.

१ तारखेच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी पोचेन. सामना बघायचाय. यायला चालेल ना?

तुमच्याच मायेची,
मार्ला


नॉर्सबी
२९ ऑक्टोबर १९८५

चि. मार्ला हिस अ. उ. आ.

हे पत्र तू निघायच्या आत पोचावं. चालेल का म्हणून विचारू नकोस. सामना एक वाजता आहे. बहुतेक हरू, समोरच्या संघाची पोरं तगडी आहेत.

आज गॅरेज उघडलं. बॅटरी पार उतरली होती. ड्वेन वडिलांची गाडी घेऊन आला आणि चालू करून दिली. आईचे हातमोजे पुढच्या सीटवर आहेत, ते तसेच ठेवलेत. शनिवारी स्टेशनवर मी हीच गाडी घेऊन येईन आणि तुला तिसऱ्या खांबाशी सोडून मैदानात जाईन. थंडी आहे, कोट आण. मी पोरांवर ओरडलो तर काय करायचं ते तुला माहीत आहे.

हॉर्न वाजवून पाहिला. वाजतो.

वाट बघतोय.
तुझा,
बाबा